सात नंबरचा ग्लास

सातव्या ग्लासातला घोट थोरल्याने थुंकलाच नाही. परीक्षकाने घोट तोंडात घोळवायचा, शेजारच्या भांड्यात थुंकायचा आणि गुण लिहायचे, अशी रीत. सकाळपासून सहा गोड वाइन त्याने अशाच हातावेगळ्या केल्या होत्या. सातवी मात्र घशाखाली उतरली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय हो, बुचाचा वास लागलाय का?" शेजारून मास्तरीणबाईंनी विचारलं. त्या कॉलेजात वाइन बनवायला शिकवत. गेली दहा वर्षं दोघं एकाच टेबलावर परीक्षक म्हणून बसत होते.

"बाई, हिचं वय सांगा."

बाईंनी ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला. मधोमध गडद लाल, कडेला विटकरी. वास घेतला, घोट घेतला. "आठ वर्षं. फार तर नऊ. आंबणं अर्ध्यावर असताना ब्रँडी ओतून गोडी राखलीय, पण ब्रँडी अजून पुरती मुरलेली नाही. द्राक्ष कुठलं ते मात्र कळत नाही बाई. आणि मागून हा धूर कसला?"

धूर कसला, ते थोरल्याला ठाऊक होतं. बाजारात कुणी विचारत नाही अशा जाड सालीच्या काळ्या द्राक्षांचे घड माळ्यावर सुकवायचे, दमट हवा लागू नये म्हणून खाली चेरीच्या काटक्या धुमसत ठेवायच्या. वाइन वर्षभर काचेच्या बुधल्यांतून पत्र्यावर उन्हात तापवायची आणि मग चेरीच्याच लाकडाच्या पिंपात निजवायची. हा सगळा खटाटोप त्याच्या धाकट्या भावाच्या डोक्यातून निघालेला. त्याने तो कधी कागदावर उतरवला नाही. भावाभावांतच राहिला.

आणि धाकट्याला जाऊन चौदा वर्षं झाली होती.

दोघं कड्यावरच्या मळ्यात घड बघायला गेले होते. परत आला तो एकटा थोरला. पाय घसरला, असं त्याने आईला सांगितलं, पोलिसांना सांगितलं, दारात आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. खाली नदी दुथडी भरून चाललेली. चार दिवस शोधूनही देह हाती लागला नाही. वडिलांनी तळघराच्या किल्ल्या धाकट्याला दिल्या होत्या, चव ओळखणारी जीभ त्याची होती म्हणून. त्या मग थोरल्याकडे आल्या. त्याने तळघर नेटाने चालवलं, पण ही एक वाइन पुन्हा केली नाही. "माझ्याच्याने होत नाही," म्हणायचा. ऐकणारे हळहळायचे.

"ही माझ्या भावाची वाइन आहे," तो बाईंना म्हणाला.

"अहो, पण ते तर..."

"हो ना."

संध्याकाळी निकालानंतर नावांची यादी उघडली. सात नंबर दोन डोंगरांपलीकडच्या एका लहानशा वाडीतून आला होता. करणाऱ्याचं आडनाव अनोळखी.

"आईच्या कानावर घालू नका," थोरला म्हणाला. "म्हातारीच्या जिवाला उगाच आशा लागेल."

बाई चांगल्या होत्या, पण त्यांच्या पोटात काही राहत नसे. थोरला घरी पोचला तेव्हा आई पायांत बूट घालून दारात उभी होती.

"मी येते तुझ्याबरोबर."

"घाटाचा रस्ता आहे, आई. तुझे गुडघे... आणि तो नसेलच. त्याने कुणाला तरी शिकवलं असेल."

"मग बघून तर ये!" आईचा आवाज चिरकला. "चौदा वर्षं त्या नदीला शिव्या देतेय मी. जा उद्या सकाळीच. तुला बघितलं की येईल तो. लहानपणी तुझी पाठ सोडत नव्हता."

सकाळी थोरला निघाला. घाटात त्याने तीनदा गाडी थांबवली. एकदा तर परत वळवली आणि मैलभर जाऊन पुन्हा फिरवली. भेटल्यावर पहिला शब्द कुठला बोलायचा, ते त्याला काही केल्या सुचेना.

वाडीच्या टोकाला एक शेड होती. पत्र्यावर काचेच्या बुधल्यांची रांग उन्हात लालभडक चमकत होती. गाडीचा आवाज ऐकून एक माणूस काठी टेकत बाहेर आला. एक पाय ताठ, केस पिकलेले. खांदे थेट वडिलांचे.

थोरला गाडीच्या दाराला धरून उभा राहिला.

"एकटाच आलास?" धाकट्याने विचारलं.

"एकटाच."

"कुणाला सांगून आलायस?"

"आईला."

धाकट्याने श्वास सोडला. "आई आहे तर. बरं झालं. ये, बस."

अंगणातल्या टेबलाच्या दोन बाजूंना दोघं बसले. धाकट्याने काठी मांडीवर आडवी घेतली.

"वाइन बायकोने पाठवली, मला न विचारता. कळलं तेव्हाच म्हटलं, आता तू येणार. ओळखलीस ना?"

"पहिल्याच घोटाला." थोरला टेबलावरून पुढे वाकला. "आई वाट बघतेय. चल घरी. चौदा वर्षांत एक चिठ्ठी नाही? तुझ्या नावाचा दगड उभारला रे आम्ही! तुझा पाय घसरला आणि मला काही सुचेना. मी धावत गावात गेलो, माणसं आणायला..."

धाकटा त्याच्याकडे बघत हलक्या आवाजात बोलला.

"मी झुडपाला धरून लोंबकळत तुलाच हाका मारत होतो, दादा. ढकलल्यावर निदान एकदा वाकून तरी बघायचं होतंस."