गूळपाणी

तांब्याच्या आत, पाणी वाळलं होतं तिथे, पांढरी रेघ उमटली होती. तिनं बोट फिरवून जिभेला लावलं. मीठ.

पर्यटकांच्या खोल्यांसाठी नवऱ्यानं तिसरी बोअर मारली, उपसा वाढला आणि समुद्राचं पाणी विहिरीत शिरलं. आता तो विहिरीसकट जागा विकायला निघाला होता. ती वर्षभर गप्प होती.

"मंडळी आली गं जागा बघायला," तो आत डोकावला. "गुळाचे खडे मोठे फोड. चव कळता कामा नये."

ओटीवर पाहुणी खडा चघळत पाणी प्यायली. "अजून गूळपाणी देता तुम्ही? आम्ही पुण्याचा फ्लॅट विकून येतोय हो. टँकरला कंटाळलो."

"मे महिन्यातसुद्धा आटत नाही आमची विहीर," नवरा म्हणाला.

"वहिनी, आणखी घोटभर द्या. गूळ नको आता."

नवऱ्यानं घाईनं गुळाची वाटी पुढे केली. तिनं ती बाजूला सारली आणि पाहुणीच्या हातात नुसत्या पाण्याचं भांडं दिलं.

"आटेल कशी? समुद्र शिरलाय तिच्यात, आमच्याच बोअरनं. ही जागा घेऊ नका."