नववं चित्र

“ही स्पर्धा लावू नकोस, तूवा,” गुनेल म्हणाली होती. “जिंकलीस तरी बसायचं बोर्येसमोरच आहे तुला.”

मालमो शहरातल्या त्या छोट्याशा गेम स्टुडिओचा कारभार गुनेल बघायची. तूवाने तिचं बोलणं हसण्यावारी नेलं. स्पर्धा कसली? दोन चाली शेजारी शेजारी लावून बघायच्या, एवढंच.

सोमवारी कॉफीच्या वेळेला सगळे नऊ जण पडद्यासमोर बसले. पडद्यावर आग्दा चालत होती, त्यांच्या गेममधली पत्रं वाटणारी म्हातारी, एका खांद्यावर जड पिशवी. दोन आग्दा होत्या. एक बोर्येने कागदावर पेन्सिलीने, एकेक चित्र काढून चालवलेली. दुसरी तूवाने संगणकात हाडं-सांधे जोडून हलवलेली बाहुली. दोन्ही नुसत्या काळ्या रेषेत, रंग न भरता. कुठली कोणाची, ते बाकीच्यांना सांगितलं नव्हतं. जी निवडतील तिच्या पद्धतीने आग्दाच्या पुढच्या दोनशे हालचाली व्हायच्या होत्या. बोर्येला इथे हाताने चित्रं काढण्याशिवाय काम नव्हतं, आणि एकसष्टाव्या वर्षी दुसरीकडे कोणी देणार नव्हतं.

“उजवी,” लासे तोंडात दालचिनीचा पाव कोंबत म्हणाला. “डावी छान चालते. पण उजवी दमलीय.”

“आणि तो खांदा बघा ना!” इमान जवळजवळ ओरडलीच. “मध्येच पट्टा निसटल्यासारखा उडतो. माझी आजी अश्शीच पिशवी सावरते.”

हात वर झाले. उजवीला सात. तूवाने कुठेच हात वर केला नाही. सर्वांत शेवटी बोर्येचा हात वर गेला, तोही उजवीलाच.

“उजवी तूवाची,” गुनेलने जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. “पण ही आणलीस कुठून गं? मंगळवारपासून तर पोरगा तापाने फणफणत होता. एका दिवसात केलीस?”

सगळे तिच्याकडे बघत होते. बोर्येही.

“बघून बघून,” तूवा म्हणाली. “बाजारातल्या बायका.”

“आता जा, बाजारात बसून गेम कर,” लासे म्हणाला, आणि सगळे हसले. तूवाही हसली.

शुक्रवारी पोराला, सिक्स्टनला, पाळणाघरात सोडून ती कामावर आली होती, तेव्हा तिची बाहुली लाकडासारखी चालत होती. दुपारी सगळे लवकर घरी गेले. बोर्येच्या टेबलाखाली, रद्दीच्या खोक्यात, त्याने टाकून दिलेल्या चित्रांचा गठ्ठा होता. तिने एकेका चित्राचा फोटो घेतला, तो बाहुलीच्या खाली ठेवला आणि चित्रातल्यासारखा एकेक सांधा सरकवत गेली. आधी नुसतं शिकायला म्हणून. मग पाळणाघरातून फोन आला, पोराला पुन्हा कणकण आहे, या. तिने आहे तेच गुनेलकडे पाठवून दिलं.

सभा संपल्यावर बोर्ये आपला कप धुवायला गेला. तूवा मागोमाग गेली. काय बोलायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

“नववं चित्र,” तो नळाकडे बघत म्हणाला. “कागद केसभर सरकला होता माझा. म्हणून खांदा उडतो. म्हणून तर तो गठ्ठा टाकला मी, आणि सगळं नव्याने काढलं.”

तिचे कान तापले. मान तापली. “बोर्ये, मी आत्ता आत जाऊन सांगते...”

“काय सांगतेस? हात तर मीही वर केला.” त्याने कप पालथा घातला, हात पुसले, बोटं एकेक करून. “मला ती चूक वाटली होती. पण इमान म्हणते ते खरंय. बाई चालत होती.”

तिने पालथा घातलेला कप उगाच उचलून पुन्हा ठेवला.

“पोराचा ताप उतरला का?”

“उतरला.”

“बरं झालं.”

तो गेला. आतून गुनेलने हाक मारली, “तूवा, शेवटचा पाव उरलाय, जिंकणाऱ्याचा!” तूवा आत गेली. तिने तो घेतला, आणि सगळ्यांच्या देखत पूर्ण खाल्ला.

दुसऱ्या दिवशी बोर्ये आला नाही. साठलेली रजा घेतोय, असा दोन ओळींचा निरोप आला. आज अठरा दिवस झाले. फोनची घंटा वाजून वाजून थांबते. तूवाने अजून कोणाला काही सांगितलेलं नाही. बाबागाडी ढकलत ती दोनदा त्याच्या इमारतीपर्यंत गेली, दरवाजापाशी उभी राहिली, आणि सिक्स्टन कुरकुरतोय असं स्वतःलाच सांगून परतली.

तुम्ही मालमोत सोफिएलुंदच्या बाजूला राहत असाल, तर एकदा बोर्येकडे जाऊन याल का? सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, तिसरा मजला, दारावर आडनाव आहे, एकेलुंद. दार उघडतो का, काही खातोपितो का, तेवढं बघा. तूवाने पाठवलं असं मात्र सांगू नका.