करारातला बोकड

गडहिंग्लजचा ‘घोटणे मटण’ कारखाना परदेशी कंपनीने घ्यायचे ठरवले, तेव्हा सह्यांसाठी यानसेनसाहेब स्वतः आले. त्यांच्या गळ्यातले यंत्र त्यांचे बोलणे मराठीत करून सांगत होते. मालकीण शेवंताक्कांनी तांबडा रस्सा वाढला. साहेब पोटभर जेवले. तेवढ्यात एक बोकड आत येऊन त्यांचा हात चाटू लागला.

“हा कोण?”

“सर्जा. आत्ता ह्यालाच खाल्लंत तुम्ही,” अक्का म्हणाल्या. “वर्षातनं एकदा ह्याचं चिमूटभर मांस काढायचं आणि टाकीत वाढवायचं. नऊ वर्षं सगळा तालुका ह्यालाच खातोय.”

साहेबांनी हात हळूच मागे घेतला आणि करार वाचून दाखवला. कारखाना इथेच राहणार होता, बोकड मात्र मुख्यालयी जाणार होता.

अक्कांनी पेन खाली ठेवले. “माझ्या हातच्या भाकरीशिवाय तो जगायचा नाही.”

साहेबांना ते पटेना. त्यांनी भारी खुराक मागवला. तीन दिवस सर्जाने त्याला तोंड लावले नाही आणि अक्कांच्याही घशाखाली घास उतरेना. चौथ्या दिवशी साहेबांनी मुकाट्याने ते कलम खोडले.

सह्या झाल्यावर अक्कांनी पुन्हा ताट वाढले. साहेब जेवले, पण सर्जाकडे पाठ करून.