गाण्यामागची घरघर

वडील गेल्यानंतरचा ब्रायरचा पहिला कार्यक्रम संपला आणि वेस्टपोर्टच्या सभागृहात चाहत्यांनी तिला घेरलं. घरीच ध्वनिमुद्रित केलेला तिचा नवा अल्बम सगळ्यांना पाठ झाला होता.

"गाण्यांमागे ती मंद घरघर कसली गं? अंगावर काटा येतो," त्यांच्यातली रोवेना म्हणाली.

"सांगायची नाही ती. कलाकारांची गुपितं असतात," रोवेनाचा नवरा हसला. "पण शेवटच्या गाण्यात घरघर का गाळलीस? सुनं वाटतं ते."

'या घरघरीनं माझा अल्बम मातीत जाणार,' असं ब्रायर ध्वनिमुद्रणाच्या वेळी वैतागून म्हणाली होती, ते शेजारच्या खोलीत बाबांनी ऐकलं होतं.



शेवटच्या गाण्याला त्यांनी आपलं ऑक्सिजनचं यंत्र हळूच बंद केलं, आणि मनासारखं जमेपर्यंत ती पुन्हा पुन्हा गात राहिली.