दोन मिनिटांत आलोच

परवान्याच्या चाचणीत निरीक्षकांनी शैलजाबाईंच्या स्वयंचलित गाडीपुढे ‘हॉर्न मनाई’ची पाटी धरली.

“हळूच एकदा वाजवायचा,” गाडी म्हणाली.

“आणि प्रवेश बंद?”

“पोलिसाने अडवलं, तर गावात नवीन आहोत म्हणायचं.”

“हिला शिकवलं कुणी?”

“आमच्या ह्यांनी,” शैलजाबाई म्हणाल्या. “मागच्या वर्षी गेले ते.”

निरीक्षकांनी शेवटची पाटी धरली : वाहन उभे करण्यास मनाई.

“‘दोन मिनिटांत आलोच’ म्हणायचं आणि उतरायचं.”

“नापास. बाई, हिचं सगळं शिकलेलं पुसून नव्यानं शिकवावं लागेल. नाहीतर रस्त्यावर आणता येणार नाही.”

बाईंनी पुसू दिलं नाही. गाडी आता कायमची अंगणात उभी असते. संध्याकाळी त्या तिच्यापुढे एकच पाटी धरतात : वाहन उभे करण्यास मनाई.