प्रामाणिकपणाची रंगीत तालीम

गोल झाला आणि सगळं मैदान उड्या मारायला लागलं, एकटा सॅम्युएल सोडून. गोल त्यानेच मारला होता. कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर त्याने झेप घेतली, डोकं चुकलं आणि चेंडू डाव्या मनगटाला लागून जाळीत गेला. समोरचा गोलकीपर गर्दीत आडवा झाला होता, त्याला काही दिसलं नाही. रेफरीच्या आणि चेंडूच्या मध्ये चार पाठी होत्या. राज्याच्या व्यावसायिक लीगमधला हंगामाचा शेवटचा सामना, शेवटची काही मिनिटं, एक-शून्य. एवढा जिंकला की नगरचा संघ वरच्या गटात राहणार होता आणि सॅम्युएलचा करार वाढणार होता. तिशीला टेकलेल्या स्ट्रायकरला करार म्हणजे काय, ते तिशीला टेकलेल्या स्ट्रायकरलाच ठाऊक.

चेंडू हाताला लागला, एवढं रेफरीला सांगायचं होतं. अडचण अशी की त्याची तालीम सकाळीच झाली होती.

मागच्या सामन्यात संघाचा कप्तान गुडघा धरून कोसळला होता. सर्वांत जवळचा विरोधी खेळाडू तेव्हा बुटाची नाडी बांधत होता, तोही बराच लांब. व्हिडिओ जिल्हाभर फिरला. लोळणाऱ्या कप्तानाच्या मागे प्रायोजकांचा फलक स्वच्छ दिसत होता : ‘शुभ्रधारा दूध. भेसळीला थारा नाही.’ पारनेरच्या बाजारात गिऱ्हाइकं दुधाची पिशवी उन्हात धरून बघायला लागली. शुभ्रधाराचे मालक आबासाहेब यांनी संघाचा मॅनेजर अवधूत याला बोलावून एवढंच विचारलं, “तुमची पोरं पडत्यात अन् दूध आमचं नासतंय, व्हय?”

अवधूत एमबीए होता. त्यामुळे खेळ सुधारायच्या भानगडीत न पडता त्याने प्रतिमा सुधारायचं ठरवलं. तीन-चार गोलांची आघाडी झाली की सॅम्युएलने आणखी एक स्वच्छ गोल मारायचा आणि रेफरीकडे धावत जाऊन सांगायचं, ‘सर, माझ्या हाताला लागला.’ गोल रद्द, टाळ्या, क्लोजअप, मागे दुधाचा फलक. निवड सॅम्युएलची झाली, कारण कप्तान कबुली द्यायला लागला की जामीन मागतोय असं वाटायचं.

“पण सर, हाताला लागला नसेल तर?” सॅम्युएलने विचारलं होतं.

“नसणारच लागलेला! लागला असता तर कशाला सांगितलं असतं?”

प्रत्यक्षात आघाडी काही होईना. मध्यंतरालाच अवधूतने कॅमेरामन गोरक्षला सांगून टाकलं, “आज प्रामाणिकपणा कॅन्सल. पॅक अप.” आता तो रेषेबाहेर उभा राहून सॅम्युएलकडे बघत दोन्ही हात जोरजोरात हलवत होता : नको, नको, नको.

सॅम्युएल रेफरीकडे गेला. हे रेफरी, कानिफनाथ दहिफळे, एरवी शेवगावच्या शाळेत पीटीचे मास्तर. पोटात दुखतंय म्हणणारी पोरं ओळखण्यात त्यांची नोकरी सरत आली होती.

“सर, माझ्या हाताला लागला.”

“आलास का? म्हणलं अजून कसा आला न्हाई.”

“म्हणजे?”

“तुमचा कॅमेरावाला सकाळी टपरीवर समदी ष्टोरी सांगत हुता. आधी हात छातीवर, मग मनगटाकडं बोट. माझ्या मॅचमधी दुधाची जाहिरात न्हाई चालायची.”

“आईशप्पथ सर, आज खरंच लागला!”

“डायलॉग चांगला पाठ केलाय,” असं म्हणून मास्तरांनी पिवळं कार्ड काढलं. “खिलाडूवृत्ती न्हाई म्हणून. गोल कायम.”

गोल कायम, म्हणजे करारही कायम. सॅम्युएलला आता फक्त गप्प बसायचं होतं. कबुली देऊन झाली होती. ती कुणी घेतली नाही, यात त्याचा काय दोष? पण त्याचे कान तापले. खोटं बोलल्याची शिक्षा त्याला आयुष्यात पहिल्यांदाच झाली होती आणि तीही खरं बोलल्याबद्दल.

पुढच्याच मिनिटाला चेंडू त्याच्याकडे आला. विरोधी खेळाडू वाट अडवायला धावले, पण सॅम्युएल त्यांच्याकडे गेलाच नाही. तो वळला आणि स्वतःच्याच गोलकडे निघाला. आपला गोलकीपर दानीएल हात पसरून “दे, माझ्याकडे दे” म्हणत होता. सॅम्युएलने चेंडू त्याच्या शेजारून अलगद जाळीत सोडला.

एक-एक. सामना संपल्याची शिट्टी वाजली. मैदानावर एवढी शांतता झाली की भेळवाल्याचं कांदा चिरणं ऐकू आलं.

“लेका, खोटा प्रामाणिकपणा ठरला होता आपला!” अवधूत रडकुंडीला येऊन ओरडला. “खरा करायला कुणी सांगितलं होतं तुला? करार विसर आता!”

कानिफनाथ मास्तर तडक गोरक्षकडे गेले. तो ट्रायपॉडच्या पेटीवर बसून भेळ खात होता.

“घेतलं का समदं कॅमेऱ्यात?”

“काय घेणार? मध्यंतरालाच गुंडाळलं, मास्तर. साहेबच म्हणले, कॅन्सल.”

मास्तरांनी वाकून कॅमेऱ्याचं बंद झाकण चाचपून बघितलं. मग मैदान ओलांडून परत आले. सॅम्युएल खाली बसून बूट काढत होता. सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती ऐसपैस जागा सोडली होती.

“दिल्यालं कार्ड माघारी घेता येत न्हाई,” मास्तर म्हणाले. “हात दे.”

सॅम्युएलने उजवा हात पुढे केला.

“ह्यो न्हवं,” मास्तर म्हणाले. “लागला हुता त्यो.”