ओली फरशी
हुस्ना माझी मुलगी. कोरियन मालिका बघून बघून ती भाषा शिकतेय आणि दिसेल ती पाटी अर्थासकट वहीत उतरवते. इथे आखातात, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीच्या साइटवर आमच्या कोरियन कंपनीने फॅमिली डे ठेवला, तेव्हा आम्ही राहतो त्या अब्बासियाहून बसमध्ये चढतानाच तिने पेन काढलं. मी तिथे बारा वर्षं परांची बांधणाऱ्यांचा फोरमन. सकाळी तिने आग विझवायच्या सिलिंडरवरची कोरियन पाटी ‘फायर स्टेशन’ अशी वाचली. इतक्या वर्षांत साइटवरच्या पाट्या मला विचारून विचारून पाठ झाल्यात; मी हसून चूक सुधारली. “अब्बा, यू नो एव्हरीथिंग,” ती म्हणाली. दुपारी जेवणाच्या मंडपाकडे जाताना ती एसी कॅन्टीनच्या काचेच्या दारापाशी थांबली. बोट ठेवून एकेक अक्षर लावलं, वहीत लिहिलं आणि विचारलं, “फक्त कोरियन स्टाफसाठी. करेक्ट ना, अब्बा?” ती एक पाटी मला कोणी वाचायला शिकवायची गरज पडली नव्हती. पहिल्याच दिवशी मी ताट घेऊन आत गेलो होतो आणि दंडाला धरून मला बाहेर आणलं होतं. तेव्हापासून मी कंटेनरच्या सावलीत जेवतो. “चुकलीस,” मी म्हणालो. “फरशी ओली आहे, असं लिहिलंय.” तिने काचेला कपाळ टेकून आत पाहिलं. फरशी कोरडी ठणठणीत होती, माणसं बूट घालून फिरत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. शेवटी वहीतली ओळ खोडली आणि खाली सावकाश लिहिलं: फरशी ओली आहे.